टपाला खिडकी

मोटारीचा चेहरा पुढच्या बाजूला असतो, ही समजूत वाड्यांच्या काळातली आहे. तेव्हा माणसे जमिनीलगत राहत. दाराशी गाडी थांबली की दिवे, जाळी, बंपर असे सगळे नाकासमोर दिसे. आता पुण्यातली बरीचशी माणसे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहायला गेली आहेत आणि मोटारीचे दर्शन वरून घेऊ लागली आहेत. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहावे, तर खाली पार्किंगमध्ये नुसते टपच टप. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली हे आपल्याला टपावरून कळते, आणि त्या टपाच्या मधोमध काळी काच चमकत असली की तो किती हप्त्यांत अडकला आहे याचाही अंदाज येतो. आत बसणाऱ्याला आकाश दिसावे म्हणून सनरूफ असते, असे मोटार कंपन्या सांगतात. पण सनरूफमधून आकाश पाहणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. वरच्या मजल्यावरून सनरूफ पाहणारे मात्र सगळेच आहेत, आणि त्यांत मीही आहे.

टपाला ही बढती अलीकडे मिळाली. पूर्वी टप म्हणजे ओझे वाहण्याची जागा. होल्डॉल, पत्र्याच्या ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, हापूसच्या पेट्या आणि रुखवतातले कपाट ही सगळी मंडळी कॅरिअरवर दोरीने बांधून घेऊन टपावरून प्रवास करत. टपाने उन्हात तापायचे, पावसात भिजायचे, कावळ्यांचे सोसायचे आणि तक्रार करायची नाही. जुन्या फियाटमध्ये तर कुरकुर न करणारा हा एकमेव अवयव. कार्बोरेटर रुसायचा, चोक अडकायचा, घाटात रेडिएटर उकळायचा, दाराची हँडले हातात यायची. टपासाठी मात्र कोणाला गॅरेजची पायरी चढावी लागली नव्हती. आमच्या मेहुण्याने नेमका त्याच टपाला हात घालायचे ठरवले.

मेहुण्याकडे, म्हणजे खरे तर माझ्या सासऱ्यांकडे, १९७४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. सासरे पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. मेहुणा हिंजवडीत संगणकावर काम करतो आणि त्याचा सगळा दिवस जगातल्या कुठल्या तरी थंड देशातल्या लोकांशी बोलण्यात जातो. त्याच्या स्वतःच्या नव्या गाडीला सनरूफ आहे आणि ते तोंडी हुकुमावर उघडते. हुकूम इंग्रजीत द्यावा लागतो, त्यामुळे घरातली वडीलधारी माणसे गाडीत बसली की सनरूफ बंदच राहते. चाळिशी आली तशी मेहुण्याला जुन्या गाडीची माया दाटून आली. गेल्या वर्षी त्याने पद्मिनीचे मूळ रूप परत आणायची मोहीम काढली. मारुतीच्या सीटा काढून एकसंध बाकासारखी सीट बसवली, खाली जमिनीतून आलेला गिअर काढून पुन्हा स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँडल गिअर बसवला आणि जमिनीतले भोक पत्रा लावून बुजवले. त्रिकोणी काचांची रबरे बदलली. गाडी अगदी कारखान्यातून आल्यासारखी झाली. आणि ती तशी झाल्या झाल्या, आता हिच्यात काहीतरी कमी आहे, असे त्याला वाटू लागले.

"दाजी, हिला एक काचेचं सनरूफ बसवलं तर?" तो म्हणाला.

मी गप्प राहिलो. सासुरवाडीत मी बहुतेक वेळा गप्पच असतो, आणि त्यामुळे माझे मत अनुकूल आहे असा दोन्ही पक्षांचा समज होतो.

मेहुण्याने पुरावे जमवले होते. त्याचा पहिला मुद्दा वंशाचा होता. पद्मिनीचे मूळ कूळ म्हणजे १९५३ ची फियाट ११००, आणि ती उभी केली दान्ते जाकोझा नावाच्या इटालियन इंजिनिअरने. याच जाकोझाने १९५७ साली चिमुकली फियाट ५०० काढली. ४७९ सीसीचे इंजिन, तेरा अश्वशक्ती, आणि टपाच्या जागी चक्क गुंडाळून मागे सारता येणारे कापड. पत्रा वाचावा, वजन घटावे, किंमत उतरावी, हा हेतू. "म्हणजे बघा," मेहुणा म्हणाला, "एकाच बापाच्या दोन मुली. धाकटीला उघडं छप्पर दिलं आणि थोरलीला नाही. मी फक्त अन्याय दूर करतोय."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. ते म्हणाले, "धाकटीला पत्रा परवडत नव्हता म्हणून कापड लावलं. आपण पत्रा असून तो कापायचा, याला अन्याय दूर करणं म्हणत नाहीत."

तरी सासऱ्यांचा खरा विरोध इथे नव्हताच. त्यांच्या लेखी ही गाडी इटलीची नाहीच, ती कुर्ल्याची आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, तिथे आधी डॉज आणि प्लिमथ जुळल्या, मग फियाट. तिकडे इटलीत ११०० डी हे मॉडेल साठीच्या दशकातच बंद झाले, पण इकडे कुर्ल्यात ते डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी अशी नावे बदलत पुढची कितीतरी वर्षे जन्म घेत राहिले. गाडीचा नंबर लागायला वर्षे लागत. सासऱ्यांनी पैसे भरले तेव्हा ते अविवाहित होते. गाडी हाती आली तेव्हा मागच्या सीटवर माझी बायको रडत होती. इतकी वाट पाहून जी वस्तू मिळते तिच्यात काही कमी असू शकते हे त्या पिढीला पटतच नाही. कमी असेल तर ते आपल्या अपेक्षेत, वस्तूत नव्हे.

मेहुण्याचा दुसरा मुद्दा प्रकाशाचा. युरोपात म्हणे जुन्या छोट्या गाड्यांना अशी काच लावणे ही सर्रास चालणारी गोष्ट होती. विलायतेत १९५९ साली सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांची दहा फुटी मिनी आली. पुढे त्यांच्याच देशातल्या हौशी मालकांनी तिचे टप कापून काचा बसवल्या. खुद्द इसिगोनिससाहेबांना तर मिनीत रेडिओसुद्धा पसंत नव्हता; त्यांना काचेचे टप दाखवायला कोण गेले असेल ते असो. जर्मनीत वेबास्टो ही कंपनी म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फ गावी कित्येक दशके मोटारींची उघडी छपरे करते आहे. हे सगळे खरे. पण म्युनिकचा सूर्य आणि पुण्याचा सूर्य यांत फरक आहे. म्युनिक अठ्ठेचाळीस अक्षांशावर. तिथे ऐन जूनच्या दुपारीही सूर्य क्षितिजापासून पासष्ट अंशांच्या आसपासच चढतो, नंतर थकून उतरतो. तिथल्या माणसाला सूर्य म्हणजे क्वचित येणारा पाहुणा. तो आला की छप्पर उघडून स्वागत करावेसे वाटणारच. आमच्याकडे मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस असतो. भर दुपारी सूर्य बरोबर टाळूवर. लोक अंगणात सरळ काठी उभी करून सावली नाहीशी झालेली मुलांना दाखवतात. अशा दिवशी काचेच्या टपाखाली बसलेल्या माणसाला काठीची गरज नाही, प्रयोग त्याच्यावरच होतो. आणि मे संपला म्हणून सुटका नाही. जुलैच्या अखेरीस सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा डोक्यावरून जातो. तेव्हा ढग असतात एवढीच सवलत. विदर्भातल्या नातेवाइकांना आम्ही हा विषय कळवलाच नाही. पंचेचाळीस अंशांत राहणाऱ्यांना सनरूफविषयी विचारणे हे बरे दिसत नाही.

शिवाय काचेतून ऊन आत येते तेवढ्या सहजतेने उष्णता बाहेर जात नाही. हे ऐकून सासूबाईंनी पहिल्यांदाच चर्चेत रस घेतला. "म्हणजे बंद गाडीत ऊन पडणार, आणि कावळे नाहीत, धूळ नाही?" त्यांनी विचारले. मेहुण्याने होकार भरला. "मग बसव," त्या म्हणाल्या. "मागच्या सीटवर कुरडया छान वाळतील." सनरूफच्या बाजूने पडलेले हे पहिले ठाम मत. मेहुण्याने ते स्वीकारले, पण त्याच्या चेहऱ्यावरून त्याला हेच हवे होते असे वाटले नाही.

काच आली ती कुर्ल्याहूनच. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यातून कधीच गेला, प्रीमियर रोड हे नाव तेवढे उरले. मात्र कुर्ल्याचा मोटारींशी संबंध तुटलेला नाही. आता तिथे गाड्या जुळत नाहीत, सुट्या होतात. सीएसटी रोडच्या बाजूने जावे तर दुकानांपुढे दारे, डिक्क्या, आरसे, डॅशबोर्ड, इंजिने अशी मांडामांड असते की हवी ती गाडी तुकड्या-तुकड्याने घरी नेता यावी. तिथे मेहुण्याला एका परदेशी बनावटीच्या, समोरून चेपलेल्या गाडीचे सनरूफ मिळाले. चौकट, मोटर, रूळ, रबर, सगळे जिथल्या तिथे. ज्या गावी पद्मिनी जन्मली त्याच गावी तिचा हा नवा अवयव मिळावा, हा मेहुण्याला दैवी संकेत वाटला. दुकानदाराला काय वाटले ते कळायला मार्ग नाही, पण कुठल्या गाडीला बसवायचे ते सांगितल्यावर त्याने भाव वाढवला नाही, उलट थोडा कमी केला. मला तो संकेत जास्त बोलका वाटला.

सनरूफचे प्रकार तीन-चार. साधे ते मागच्या कडेने थोडे वर उचलले जाणारे. त्याची नुसती फट होते आणि तापलेली हवा बाहेर ओढली जाते. दुसरे टपाच्या वरच्या अंगाने मागे सरकणारे. तिसरे टप आणि आतले रेक्झिनचे अस्तर यांच्या मधल्या पोकळीत सरकणारे. हे सर्वांत देखणे, आणि याला आत जागा लागते. चौथे पॅनोरामिक, म्हणजे टप म्हणून काही ठेवायचेच नाही. मेहुण्याने आणले ते तिसऱ्या प्रकारातले. पद्मिनीच्या टपाखाली अशी पोकळी नाही. आहे ती तारांवर ताणलेल्या अस्तरापुरती. म्हणजे चौकट बसवायची तर छत आतून दीड-दोन इंच खाली येणार. सासरे उंच आहेत. ते मागच्या सीटवर ताठ बसले की त्यांचे केस अस्तराला आधीच टेकतात. आकाश जवळ आणण्याच्या या योजनेत त्यांना मान वाकवून बसावे लागणार होते.

त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर वजनाचा हिशेब मांडला. ऐंशी सेंटिमीटर बाय चाळीस सेंटिमीटरचा पत्रा कापायचा. पत्रा मिलिमीटरहून थोडा कमी जाडीचा, म्हणजे सव्वादोन किलो पोलाद गेले. त्या जागी पाच मिलिमीटर जाडीची तेवढीच काच, ती भरली चार किलो. वर चौकट, रूळ, मोटर वेगळी. "खिडकी पाडली की भिंत हलकी होते," ते म्हणाले. "तुझी खिडकी पाडल्यावर भिंत जड होते. स्थापत्यशास्त्रात हे नवीन आहे."

"बाबा, काच टफन्ड आहे," मेहुणा म्हणाला. "सहाशे अंशांहून जास्त तापवून झटक्यात गार केलेली. फुटली तरी बारीक गोट्या होतात, धारदार तुकडे नाहीत."

या टफन्ड काचेने पुढे वेगळाच प्रश्न उभा केला. गाडी डेंटर मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींचे गॅरेज त्यांच्या वडिलांपासूनचे. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी सनरूफच्या मापाचा साचा केला, तो टपावर ठेवला आणि लांबून, जवळून, वाकून, एक डोळा मिटून पाहिला. काच सपाटही नव्हती आणि पद्मिनीच्या टपासारखी गोलाईचीही नव्हती. तिला तिच्या मूळ गाडीची गोलाई होती. चारही कोपरे एकदम टेकेनात. तीन टेकले की चौथा अधांतरी. मेहुण्याने विचारले, काच कडेने जरा घासून घेता येईल का? मिस्त्री हसले. टफन्ड काच एकदा तयार झाली की तिला कापता येत नाही, छिद्र पाडता येत नाही. कटर लावला की सगळी काच एका क्षणात गोट्या होऊन पायाशी. म्हणजे पन्नास वर्षांच्या गाडीला कापता येते, ठोकता येते, वाकवता येते, लांबी भरून गुळगुळीत करता येते. कालच्या काचेला मात्र बोटही लावायचे नाही. जुन्या-नव्याच्या सगळ्याच सोयरिकीत जमवून कोणी घ्यायचे हे असे आधीच ठरलेले असते.

मिस्त्रींनी पुढची प्रक्रिया सांगितली. आधी अस्तर उतरवायचे. मग साच्याच्या मध्यावर एक बारीक भोक पाडायचे आणि आतून पाहायचे, की आडवा पाटा कुठे येतो. जुन्या गाडीत टपाला आतून आडवा पाटा असतो, त्याच्या जोरावर टप दबत नाही. तो कापला तर नवी चौकट त्याच ताकदीने वेल्ड करून जोडावी लागते, नाहीतर खड्ड्यात गाडी गेली की काच कुरकुरते, दार उघडताना अडकते. "पण साहेब," ते म्हणाले, "ते पहिलं भोक पाडलं ना, की परतीचा रस्ता बंद. म्हणून भोक पाडायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी हो म्हणून या." त्यांनी हे वाक्य लग्न ठरवणाऱ्या भटजींच्या सुरात म्हटले.

घरातल्या सगळ्यांत सासरे होते. आणि सासऱ्यांचा मुद्दा अखेर पाण्यावर आला.

सनरूफ गळत नाही असा सर्वांचा समज असतो. खरे म्हणजे ते थोडे गळावे अशीच त्याची रचना असते. काचेभोवतीचे रबर सगळे पाणी अडवू शकत नाही. जे आत झिरपते ते चौकटीच्या खोबणीत साठते आणि चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांतून, खांबांच्या आतून खाली उतरून गाडीबाहेर पडते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या खांबांतून, मागच्या दोन मागच्या खांबांतून. नळीत पानाचा तुकडा, धूळ किंवा कुंभारणीचे घरटे अडकले की पाणी तुंबते आणि मग ते आपली वाट शोधते. ती वाट बहुधा आपल्या मानेवरून जाते.

हे कळल्यावर आयुष्यभर कालव्यांची गळती मोजलेले सासरे एकदम तरुण झाले. त्यांनी नवी वही काढली. काचेचे क्षेत्र ०.३२ चौरस मीटर, हे पाणलोट क्षेत्र. तासाला पन्नास मिलिमीटरचा पाऊस धरला तर नुसत्या काचेवर तासाला सोळा लिटर पाणी. खोबणी म्हणजे जलाशय, नळ्या म्हणजे चाऱ्या. "सांडवा कुठंय?" त्यांनी विचारले. मेहुण्याला प्रश्न कळला नाही. "चाऱ्या तुंबल्या तर जादा पाणी जाणार कुठून? सांडव्याशिवाय मी साधं गावतळंसुद्धा मंजूर केलं नाही." महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि दर पावसाळ्यात गाडी एकदा तरी तिथे जातेच, म्हणून सगळे गणित त्यांनी महाबळेश्वरच्या मापाने पुन्हा केले. नळ्यांचा व्यास, उतार, वळणे, सगळ्याचा नकाशा निघाला. पद्मिनीचे पुढचे खांब बारीक. त्यांतून नळी नेली तर जागोजागी चेपणार, असा निष्कर्ष निघाला.

यावर मिस्त्रींनी तोडगा सुचवला. "साहेब, सांडव्याची काळजी करू नका. पायाखालचा पत्रा चार ठिकाणी गंजलाय. वरून आलेलं पाणी आपोआप खालून जातं. आत्तासुद्धा पुढच्या काचेच्या रबरातून येतं, तेही तसंच जातं."

सासऱ्यांनी वहीत त्याची नोंद केली. विरोधासाठी काढलेल्या वहीत आता एवढे पाणी वाहू लागले होते की सनरूफ बसलेच नाही तर त्यांचा हिरमोड होईल की काय अशी मला शंका येऊ लागली.

विजेचा प्रश्न वेगळा. मोटर बारा व्होल्टवर चालते आणि पद्मिनीही बारा व्होल्टची, त्यामुळे कागदावर सगळे जमते. पण या गाडीत रात्री हॉर्न दाबला की दिवे मंद होतात. दिवे, वायपर आणि सनरूफ यांतले कोणतेही दोन एका वेळी निवडावेत, असा वायरमनचा सल्ला पडला. पावसाळी रात्री सनरूफ उघडे राहिले तर दिवे विझवून ते बंद करायचे, की वायपर थांबवून, हे ज्याने त्याने ठरवावे. अगदीच मोटर अडली तर बहुतेक सनरूफना हाताने फिरवून बंद करायची सोय असते. त्यासाठी षट्कोनी पाना लागतो, आणि तो पाना गाडीत कुठे ठेवला आहे हे पाऊस थांबल्यावर आठवते.

शिवाय आवाज. उघड्या भोकावरून वारा वाहू लागला की ठराविक वेगाला आतली सगळी हवा एकदम घुमू लागते आणि कानात दडे बसतात. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच अशा घुमण्याचा अभ्यास करून ठेवला आहे. नव्या गाड्यांत हा घुमारा मोडायला पुढच्या कडेला एक पट्टी आपोआप वर येते. पद्मिनीच्या बाबतीत मला त्याची फारशी धास्ती वाटली नाही. ज्या वेगाला हेल्महोल्ट्झसाहेब जागे होतात, त्या वेगाला पद्मिनीत इतर इतके आवाज चालू असतात की त्यांचा नंबर लागणे कठीण.

मग निघाला कायदा. तो सासऱ्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. लाल नाडीची फाइल टेबलावर आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितले आहे. हा पहिला कागद. दुसरा कागद जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांचा. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षे चालते. अट एकच मोठी: चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४ ची गाडी; तिने पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. सासरे पन्नास वर्षे या गाडीसह नुसते म्हातारे होत आले, आणि सरकारने आता कुठे त्याला काही मोल दिले. त्याच मुहूर्तावर मुलगा टपाला भोक पाडायला निघाला.

मेहुण्याने फाइल नीट वाचली आणि त्याला त्यात एक ओळ सापडली. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. "बघा बाबा," तो विजयाने म्हणाला, "म्हणजे तुम्हाला ती चालवताच येणार नाही."

"पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते ना?" सासरे शांतपणे म्हणाले. "आजवर मी तिला तिसरीकडे नेलंय कुठे?"

मेहुण्याला यावर उत्तर सुचले नाही. सासऱ्यांनी शेवटचा बाण सोडला. "आणि नाव पद्मिनी आहे. दंतकथेतल्या पद्मिनीला नुसतं आरशात दाखवलं त्यावर केवढं महाभारत झालं. तू तर तिच्या डोक्यावरच काच बसवतोस."

निकाल लागेना, तेव्हा दोघांनी मिस्त्रींना पंच नेमले. रविवारी सकाळी आम्ही सगळे गॅरेजात गेलो. सासऱ्यांच्या हातात फाइल आणि वही, मेहुण्याच्या हातात कापडात गुंडाळलेली काच. दोघांनी आपापली बाजू मांडली. सासरे मूळ रूपाविषयी बोलले. वस्तू जशी हाती आली तशी पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, असे म्हणताना त्यांचा आवाज जड झाला. मेहुणा म्हणाला, की गाडी ही वापरायची वस्तू आहे, ती आपल्या काळात आणली नाही तर ती मेली. दोघांचेही म्हणणे मला पटले, म्हणून मी गप्प राहिलो.

मिस्त्री हात पुसत ऐकत होते. मग त्यांनी गाडीचे दार उघडले, पायाखालची मॅट बाजूला केली आणि गेल्या वर्षी लावलेल्या पत्र्याच्या ठिगळावर पान्याने टकटक केले.

"साहेब, हे भोक कोणी पाडलं होतं?"

सासऱ्यांनी टपाकडे पाहिले.

"मी तेव्हा पोऱ्या होतो, बापाच्या हातात पाने द्यायचो," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही नवीन गाड्यांत बघितलं, गिअर खाली असतो. म्हणालात, हँडल गिअर जुनाट दिसतो, खाली भोक पाडा, गिअर खाली घ्या. तुमचे वडील, मोठे साहेब, तेव्हा इथंच स्टुलावर बसून ओरडत होते, कुर्ल्याच्या कारखान्याला अक्कल नव्हती का म्हणून. मारुतीच्या सीटा पण तुम्हीच टाकल्या. डॅशबोर्डवर पंखा पण तुम्हीच बसवला."

मेहुणा वडिलांकडे बघत राहिला. मूळ रूप परत आणताना आपण कोणाचे काम पुसले हे त्याला आत्ता समजले. सासरे फाइलची नाडी बांधू लागले. ती आधीच बांधलेली होती.

"माझ्या बापानं भोक पाडलं, पैसे तुमच्याकडून घेतले," मिस्त्री म्हणाले. "मी ते बुजवलं, पैसे दादांकडून घेतले. आता वर पाडायचं म्हणताय, पाडू. कापलेला पत्रा मात्र गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका, फेकू नका. अजून वीस वर्षांनी दादांचा मुलगा येईल माझ्या मुलाकडं, आणि म्हणेल, बापानं गाडीची वाट लावली, आजोबांची होती तशी करून द्या. आमचं गॅरेज चालायचं ते तुमच्या घरातल्या भांडणावरच."

कोणीच काही बोलले नाही. सासऱ्यांनी वही उघडून नळ्यांच्या उताराचे पान मिस्त्रींपुढे धरले, आणि मेहुणा, बापाला पंखा कुठे बसवला होता, हे विचारू लागला. तो पंखा आता मिळेल का, हेही त्याने विचारले. मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा साचा भिंतीला टेकवून ठेवला, पावतीपुस्तक काढले आणि कार्बन पेपर सारखा केला.

"कापायचं का नाही ते सावकाश ठरवा," ते म्हणाले. "अ‍ॅडव्हान्स तेवढा आत्ता द्या. कापायचा अर्धा, आणि जोडायचा अर्धा."